पाळीव उंदरांसाठी पिंजरा निवडताना: नागपूरकरांसाठी मार्गदर्शक

दुकानात पाळीव उंदरांसाठी पिंजरा मागितला की बहुतेक वेळा हॅमस्टरचा रंगीत पिंजरा पुढे येतो. प्लॅस्टिकचा तळ, एक छोटं चाक, एक नळी, वर तारेचं झाकण. दिसायला गोड, पण उंदरासाठी निरुपयोगी. पूर्ण वाढलेला नर अर्धा किलोच्या आसपास भरतो आणि शेपटी सोडून आठ-नऊ इंच लांब होतो; त्या नळीत तो अडकतो आणि त्या चाकावर त्याची पाठ वाकडी होते. शिवाय या विषयावरची बरीचशी माहिती थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली असते. तिथे काळजी गारठ्याची, आपल्याकडे मे महिन्याची. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. म्हणून इथे पिंजरा घ्यायचा तो मे महिना डोळ्यांसमोर ठेवून, मग तुम्ही तो दिवाळीत का घेईना.

खरेदीला निघताना जवळ ठेवा:

- मोजपट्टीचा टेप
- भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो एक सेल आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये बसतो तो एक बारीक सेल
- एक जुना पायमोजा
- पिंजरा ठेवायच्या जागेची आणि बाथरूमच्या दाराची मापं, कागदावर लिहून
- बनवून घेणार असाल तर मापांसह हाताने काढलेलं चित्र, दोन प्रती (एक कारागिराकडे राहते)

सेल आणि मोजा कशासाठी, ते पुढे येतंच.

१. आधी उंदीर मोजा, मग घनफूट

एकटा उंदीर पाळू नये. हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवला की सुस्तावतो किंवा चिडका होतो. किमान दोन, आणि दोन्ही एकाच लिंगाचे. मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यातच गाभण राहू शकते, २१ ते २३ दिवसांत विते आणि एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात. दुकानात ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगितलं तरी स्वतः बघून घ्या, नाहीतर पिंजऱ्याचा सगळा हिशेब दीड महिन्यात कोलमडतो.

हिशेब सोपा आहे. एका उंदराला किमान अडीच घनफूट जागा. पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, १७२८ ने भागा. आलं ते घनफूट.

- १८ × १२ × १२ इंच: १.५ घनफूट. एकालाही अपुरा.
- २४ × १८ × २४ इंच: ६ घनफूट. दोघांपुरता, त्याहून लहान घेऊच नका.
- ३० × २० × ३६ इंच: १२.५ घनफूट. हिशेबाने पाच, पण तीन-चार असतील तर खरे सुखात राहतात.

या आकड्यांत एक फसगत आहे. उंची वाढवली की घनफूट वाढतात, पण मधे माळे नसतील तर ती वरची हवा कुणाच्या उपयोगाची नाही. उलट उंदीर जाळीवरून टोकापर्यंत चढतो आणि तीन फुटांवरून सरळ खाली पडतो. दर १० ते १२ इंचांवर एक माळा किंवा कापडी झोळी हवीच. आणि तळ कमीत कमी २४ × १८ इंचांचा असावा. उंच पण चिंचोळा पिंजरा घनफुटांत पास होतो आणि राहण्यात नापास.

२. घरात जागा आणि बाथरूमचं दार

पिंजरा ठेवायचा कुठे हे लोक ठरवतात, धुवायचा कुठे हे विसरतात. मोठा पिंजरा आठवड्यातून एकदा तरी बाथरूममध्ये किंवा मोरीवर जाणारच. फ्लॅटमधल्या बाथरूमची दारं अरुंद असतात, म्हणून पिंजऱ्याची एक तरी बाजू दारापेक्षा तीन इंच कमी ठेवा. नाही जमलं तर नटबोल्टने सुटणारा पिंजरा घ्या.

जागा निवडताना बाल्कनी आणि गच्ची बाद. पश्चिमेची भिंतही बाद, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका आणि देवघराजवळ उदबत्ती-धूप, दोन्ही उंदरांच्या फुप्फुसांना सोसत नाहीत. मच्छर कॉइल तर पिंजऱ्याच्या खोलीत लावूच नका. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच स्टँडवर, भिंतीपासून चार इंच लांब, पडदा आणि चार्जरची वायर पोचणार नाही अशा बेताने ठेवा. पडदा पोचला तर सकाळी त्याचा हातभर तुकडा आत घरट्यात सापडेल.

घरातले उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर ते काढून टाका. आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज पाळीव उंदरांना येतो. विषारी वड्या आणि चिकट सापळे यांचंही तेच.

३. फट: सगळ्यात मोठी चूक इथे होते

उंदराचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंग मागोमाग येतं. पिल्लं आणि माद्यांसाठी दोन तारांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर असावं. पाऊण इंचाच्या फटीत मोठा नर राहील. सहा आठवड्यांची पिल्लं पहिल्याच रात्री बाहेर. एक इंचाच्या फटीचे पोपटाचे पिंजरे मोठे आणि स्वस्त मिळतात, मोह तिथेच होतो.

दुकानात टेपने तारांमधलं अंतर मोजणं जिकिरीचं असतं. त्यासाठीच ते दोन सेल. घड्याळाच्या सेलची जाडी सुमारे १४ मिलिमीटर, रिमोटच्या सेलची सुमारे १०. रिमोटचा सेल आडवा धरून फटीतून जातो आणि घड्याळाचा जात नाही, तर फट योग्य. घड्याळाचा सेलही सहज गेला तर तो पिंजरा पिल्लांसाठी नाही. ही तपासणी एकाच ठिकाणी करू नका: दाराच्या चौकटीभोवती, कोपऱ्यांत, ट्रे सरकतो त्या खाचेत आणि दाणा-पाण्याच्या वाट्यांच्या खिडक्यांशी करा. पळून जाण्याच्या जागा बहुधा त्याच असतात. शिवाय बारीक तार हाताने दाबून बघा. ती वाकून फट रुंदावत असेल तर मापाला काही अर्थ नाही.

४. कशाचा बनलेला आहे?

लाकडी चौकटीचा घेऊ नका. लाकूड मूत्र पितं, वास धरतं आणि कुरतडलं जातं. काचेची टाकी, म्हणजे माशांचा जुना टँक, तर मुळीच नको. काचेत हवा खेळत नाही, मूत्रातला अमोनिया तळाशी साचतो. पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा जंतू फार सर्रास असतो. एरवी तो गप्प राहतो, पण अमोनियाने श्वासनलिका चुरचुरली की उसळतो. मग शिंका आणि घरघर. नाकाडोळ्यांभोवती दिसणारा लालसर स्राव रक्त नसतो, पण प्राण्याला त्रास होतोय याची ती खूण नक्की असते. उन्हाळ्यात टाकीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम राहते, ते वेगळंच.

उरली लोखंडी जाळी. तिच्यात तीन प्रकार:

- जस्ताचा मुलामा असलेली चंदेरी जाळी: स्वस्त, कुठेही मिळते. मूत्राने जस्त खाल्लं जातं, पांढरट थर धरतो, घासूनही वास जात नाही.
- पावडर कोटिंग केलेली (रंगाची पूड भट्टीत तापवून पक्की बसवलेली): बहुतेकांसाठी हीच. धुतली की स्वच्छ होते, गंज उशिरा लागतो.
- स्टेनलेस स्टीलची: महाग, पण एकदा घेतली की झालं.

साध्या ऑइल पेंटने रंगवलेला पिंजरा घेऊ नका आणि घरी रंगवूही नका. दातांनी त्याचे पापुद्रे निघतात आणि पोटात जातात. उंदराला उलटी होत नाही, गेलं ते गेलं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी बारीक तारेची असते, ती कुरतडून भोक पाडतात. प्लॅस्टिकच्या जाळीचं तर नावच काढू नका.

५. तळ

बऱ्याच तयार पिंजऱ्यांत तळाला तारेची जाळी आणि तिच्याखाली ट्रे असतो. घाण खाली पडते, मालकाला बरं वाटतं. उंदराचं मात्र सगळं वजन तारेवर येतं. नखं अडकून तुटतात, पावलांना घट्टे पडून पुढे जखमा होतात, आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. अशी जाळी सुटणारी असेल तर काढा. माळे जाळीचे असतील तर त्यांवर सनपॅक शीट कापून टाका, फलकांसाठी वापरतात तीच. कात्रीने कापली जाते, धुता येते, खराब झाली की दुसरी.

ट्रे तीन ते चार इंच खोल हवा. एक इंचाच्या ट्रेमधला कागदाचा चुरा रात्रीतून खोलीभर पसरतो. प्लॅस्टिकचा ट्रे असेल तर त्याची कड जाळीच्या बाहेर राहते ना, ते बघा. आत उघडी कड मिळाली की कुरतडायला सुरुवात तिथूनच.

ट्रेमध्ये काय घालायचं? आरा मशीनवरचा भुसा फुकट मिळतो, पण तो कुठल्या लाकडाचा हे कळत नाही आणि धूळ फार. पाइन, देवदारसारख्या लाकडांचा वासही श्वासाला वाईट. तणस आणि तांदळाचा कोंडा धुळीसाठीच बाद. कोऱ्या किंवा एका बाजूला छापलेल्या कागदाचा चुरा, त्यावर जुन्या सुती कपड्याचे तुकडे, हे चालतं. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फाशांत नखं अडकतात.

६. दार आणि कडी

तुमचा हात खांद्यापर्यंत आत गेला पाहिजे आणि हातात झोळी किंवा मडकं धरून बाहेर आला पाहिजे. समोर किमान १२ × १२ इंचांचं दार असेल तरच हे जमतं. फक्त वरून उघडणारा पिंजरा टाळा. वरून हात आला की उंदराला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं आणि तो माणसाळायला वेळ लागतो.

पोपटाच्या पिंजऱ्यांना वर सरकणारी छोटी दारं असतात. उंदीर ती नाकाने उचलतो. प्रत्येक सरकदाराला स्टेशनरीच्या दुकानातली काळी बाइंडर क्लिप लावा. नेहमी न लागणारी दारं केबल टायने कायमची बांधून टाका, फक्त टायचं शेपूट बाहेरच्या बाजूला राहू द्या.

७. तयार की बनवून?

तयार पिंजरा जाळी, माप आणि दार या तिन्हींत पास झाला तर तोच घ्या, सरळ काम. ऑनलाइन घेताना मापं इंचांत की सेंटिमीटरमध्ये हे दोनदा वाचा. ‘६० × ४० × ४०’ वाचून पाच फुटांचा समजणारे कमी नाहीत. फटीचं अंतर लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

पण नागपुरात बनवून घेणं बहुधा परवडतं आणि मनासारखं होतं. जाळी आणि पाइप इतवारीतल्या लोहाओळीत बघा. वेल्डिंगवाला तर प्रत्येक वस्तीत असतो. तीन-चार उंदरांसाठी ३० × २० × ३६ इंचांचा पिंजरा धरला तर सामान असं लागतं:

- चौकटीला पाऊण इंची चौकोनी लोखंडी पाइप
- अर्धा × अर्धा इंच चौकोनांची वेल्डमेश, १६ गेज, जस्त नसलेली, म्हणजे पावडर कोटिंग नीट बसतं
- तळाला ४ इंच खोल स्टीलचा ट्रे, कडा आत दुमडलेल्या
- दारांना बिजागऱ्या आणि खटक्याच्या कड्या

जाळी ३ फूट रुंदीच्या रोलमधून घ्या. पिंजऱ्याची उंची ३६ इंच ठेवण्यामागे हेच कारण आहे: चारही बाजू जोडाशिवाय निघतात. चार बाजूंचा घेर १०० इंच, छतासाठी आणखी २०, एकूण १० फूट. कापण्यातली नासधूस धरून ११ फूट घ्या.

समोर एकावर एक अशी दोन दारं सांगा, प्रत्येकी २४ × १४ इंचांची. आत १२ आणि २४ इंचांवर टेकण ठेवायला सांगा, माळे त्यावर बसतील. माळे पूर्ण रुंदीचे नकोत. १० इंच रुंद, एक उजवीकडे, दुसरा डावीकडे. म्हणजे तीन फुटांवरून सरळ खाली पडण्याची भीती कमी होते.

कारागिराला हटकून सांगायच्या दोन गोष्टी. पहिली, ट्रे बाहेर ओढला की मागे चार इंचांची सताड उघडी खाच राहते. तिथे खाली पडणारी पत्र्याची झडप हवी. न सांगता ती कुणीच लावत नाही. दुसरी, कापलेल्या तारांची टोकं. तो म्हणेल, घासली. तुम्ही जुना पायमोजा हातात घाला आणि आतून सगळ्या कडांवरून, दारांच्या चौकटींवरून हात फिरवा. जिथे मोज्याचा धागा अडकेल तिथे उद्या उंदराचा पाय अडकणार. खडूने खूण करा आणि तिथल्या तिथे ग्राइंडर मारून घ्या. हे पावडर कोटिंगच्या आधी, कारण नंतर घासलं की रंग जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

कोटिंग करून देणारे हिंगणा एमआयडीसी भागात मिळतात. एका नगासाठी रंग बदलायला ते सहसा तयार नसतात, म्हणून त्या दिवशी जो रंग चालू असेल तो घ्या. उंदरांची हरकत नसते. भाव ठरवताना वेल्डिंगवाल्याला वजनावर की नगावर हे आधीच विचारा आणि ट्रे त्यात धरलाय की नाही तेही.

८. उन्हाळा

उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तो उष्णता शेपटीतून आणि पावलांतून बाहेर टाकतो, अंगाला लाळ लावतो. खोलीचं तापमान ३० च्या वर गेलं की त्याला जड जातं, ३५ च्या पुढे जीवावर बेततं. मार्चच्या शेवटापासून पावसापर्यंत, आणि नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) तर दिवसरात्र, याचा बंदोबस्त लागतो. पिंजऱ्याशेजारी एक साधा थर्मामीटर टांगा. अंदाजावर राहू नका.

कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. ओलसर वारा सतत अंगावर आला की छाती धरते. पिंजरा झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्या. हवा बाहेर पडली नाही तर कूलर खोली फक्त दमट करतो. जूनच्या मध्यानंतर हवेतच ओल असते, तेव्हा कूलर बंद करून पंखा लावा. एसी असेल तर २५-२६ अंश पुरे.

पिंजऱ्याच्या आत तीन वस्तू ठेवा. एक, फरशीची तुकडा-टाइल, उंदीर तिच्यावर पोट टेकून पडतो. दोन, फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची छोटी बाटली, जाड कापडात गुंडाळून. दुपारी वीज गेली तर हीच कामाला येते, म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून. तीन, मातीचं मडकं, आडवं ठेवलेलं. त्याला बाहेरून पाणी मारलं की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आत चांगला गारवा राहतो. मडक्याचं तोंड चार इंचांपेक्षा लहान नको आणि आतून झिलई नको. हे सगळं आत मावलं पाहिजे, म्हणून तर मोठा पिंजरा आणि मोठं दार.

पिण्याच्या पाण्याच्या, नळीच्या टोकाला गोळी असलेल्या बाटल्या दोन लावा. एकीची गोळी अडकली तर दुसरी असते. मे महिन्यात एका दुपारी पाणी न मिळणं पुरेसं आहे.

उंदीर हातपाय पसरून पडलाय, तोंड उघडून श्वास घेतोय, लाळ गळतेय, शेपटी तापलीय: हा उष्माघात. गार, पण बर्फाचं नव्हे असं पाणी शेपटीला आणि पावलांना लावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. उंदीर तपासणारे डॉक्टर कोण, ते पिंजरा आणण्याआधी फोन करून विचारून ठेवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही चौकशी करता येते. न्यायला एक छोटा पिंजरा लागतो. दुकानदाराने पुढे केलेला तो हॅमस्टरचा पिंजरा त्यासाठी मात्र ठीक आहे.

९. उंदीर सोडण्याआधी आणि पहिला आठवडा

नवा पिंजरा साबणाच्या पाण्याने धुवा, कोटिंगचा वास जाईपर्यंत दोन दिवस पंख्याखाली ठेवा. पुढेही धुताना फिनाइल नको. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलं की मूत्राचा थर सुटतो.

मुंग्या हमखास येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याभोवती ओढू नका, तो विषारी असतो.

पहिली रात्र पिंजऱ्याची खोली बंद ठेवा, दाराखालच्या फटीला कापड लावा. कुठून निसटता येतं ते उंदीर त्याच रात्री शोधतात, आणि खोली बंद असेल तर सकाळी कपाटामागे सापडतात तरी.

आठवड्याने ट्रे धुताना जाळीच्या खालच्या दोन ओळी आणि दारांचे कोपरे बघा. कोटिंग आधी तिथेच उडतं. एखाद-दुसरा ठिपका असेल तर हरकत नाही. पण एकाच जागी चकचकीत लोखंड दिसत असेल तर उंदीर रोज तिथेच दात लावतोय. त्या जागी बाहेरून स्टीलची पट्टी आवळा आणि आत कुरतडायला बाभळीची किंवा पेरूची वाळलेली फांदी टांगा.